दात घासायचं काम

औंधच्या पलीकडच्या एका वाडीतून चंद्राबाईंना मलकापूरच्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा त्यांच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि श्वास तुटत चालला होता. अंथरुणात मण्यार चावली होती. मण्यारीचं विष माणसाला बेशुद्ध करत नाही, नुसतं लुळं करतं. आत सगळं कळत असतं, पण पापणी उचलत नाही, जीभ हलत नाही आणि शेवटी छातीही हलेनाशी होते. डॉक्टर विश्वजीतांनी विषावरची लस दिली, घशातून नळी घातली आणि बाईंना व्हेंटिलेटरवर ठेवलं. "चार-पाच दिवस मशीन श्वास देईल, मग त्या स्वतः घेतील," असं त्यांनी बाईंच्या मुलीला सांगितलं. तसंच झालंही असतं.

का झालं नाही, ते अंकिताला पक्कं ठाऊक होतं. अंकिता ही आयसीयूतली सकाळच्या पाळीची सिस्टर. वय सव्वीस, घर कृष्णाकाठचं, भरपूर उसाचं, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. कामाला चलाख, अक्षर सुरेख, इस्त्रीची घडी कधी मोडायची नाही. अशा मुलींना आपण चुकत नाही असं वाटायला लागतं, तसं तिलाही वाटायचं.

आयसीयूच्या इन्चार्ज मंगल सिस्टर. त्यांचा एका गोष्टीवर भारी जीव होता, आणि ती गोष्ट म्हणजे पेशंटचं तोंड. नवीन मुलगी आली की त्या तिला पहिल्या दिवशी हेच सांगायच्या. नळी घातलेल्या माणसाला गिळता येत नाही. दातांवर थर साचतो, त्यात जंतू वाढतात, ती लाळ नळीच्या कडेकडेनं खाली झिरपते आणि थेट फुफ्फुसात जाते. माणूस ज्या आजारानं आला तो राहतो बाजूला आणि न्यूमोनियानं जातो. म्हणून उशाकडची बाजू उंच ठेवायची आणि मऊ ब्रशनं सकाळ-संध्याकाळ दात घासायचे, आतून, बाहेरून, हिरडीपर्यंत, सुटलेली लाळ नळीनं ओढून घेत. दहा मिनिटं लागतात, लागू देत. घासून झालं की पेशंटच्या कागदावर 'ब्रश' लिहिलेल्या चौकोनात खूण करायची. दाराशी पांढरा फळा होता, त्यावर न्यूमोनियाविना किती दिवस गेले तो आकडा मंगल सिस्टर रोज सकाळी स्वतः लिहायच्या. चंद्राबाई आल्या त्या दिवशी तो चौऱ्याण्णव होता.

बुधवारी सकाळी अंकितानं ब्रश हातात घेतला, बाईंची हनुवटी खाली केली आणि तिचा हात थांबला. दात मुळापर्यंत काळे, हिरड्या काळ्या, जिभेवर जाड थर आणि वास असा की मास्कमधूनही नाकात जाऊन बसला.

"आई गं! तोंड आहे का गटार?" ती शेजारी चादर बदलणाऱ्या मावशींना म्हणाली.

मावशी हसल्या. अंकिताही हसली. फायलीवरचं आडनाव तिनं आदल्या दिवशीच वाचलं होतं, आणि आडनाव वाचून आपल्याकडं सगळे जे ओळखतात ते ओळखलंही होतं. त्याचा इथं काही संबंध नाही, असं तिनं तेव्हा कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. तिनं ओठांवरून ओला बोळा फिरवला, ब्रश कोरडाच परत ठेवला आणि चौकोनात खूण केली. संध्याकाळच्या पाळीतली काय करत होती, ते तिचं तिला ठाऊक.

दहाच्या सुमाराला नातेवाइकांना पंधरा मिनिटं आत सोडायचे. दारातच फोनवर कुणाला तरी "जयभीम मामा, हाय, आई हाय बरी" असं सांगत आणि फोन बंद करत चंद्राबाईंची मुलगी आत आली. तिचं नाव दीपमाला. आटपाडी डेपोत एसटीची कंडक्टर, रजा टाकून आलेली. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज, पण आयसीयूत आल्यावर तो पार बसला होता. आईच्या कपाळावरून हात फिरवत ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग अंकिताजवळ आली.

"सिस्टर, एक इचारू का? आईचं दात घासू का म्या? घरी आसती तर उठल्या उठल्या पैलं त्येच केलं आस्तं तिनं. दात घासल्याबिगर च्या बी घेत न्हाई ती."

अंकिताला हायसं वाटलं. नको असलेलं काम कुणीतरी आपणहून मागून घेत होतं.

"घासा की. हळू घासा फक्त, नळीला धक्का लावू नका."

"न्हाई लावत. लय उपकार झालं बघा."

अंकिता पाच नंबरच्या पेशंटचं सलाइन बदलायला गेली. कशानं घासणार, हे तिनं विचारलं नाही. ब्रश दिला नाही, हातमोजे दिले नाहीत, मागं वळून पाहिलंही नाही. आणि खरं म्हणजे तिला ते न कळण्यासारखं नव्हतं. तिकडच्या कितीतरी घरांत बाया दात घासते म्हणाल्या की तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात, आणि तिलाच मिसरी म्हणतात. ब्रश पोराबाळांसाठी. दीपमालानं पिशवीतून आईची डबी काढली, चिमूटभर मिसरी बोटावर घेतली आणि नळी सांभाळत, अगदी हळू, आईचे दात घासले. चूळ भरता येत नाही म्हणून ओल्या फडक्यानं तोंड पुसून घेतलं. हे तिनं बुधवारी केलं, गुरुवारी केलं, पुढंही रोज केलं. अंकिता रोज त्याच वेळेला दुसरीकडं असायची आणि रोज चौकोनात खूण करायची. मुळात काळेच असलेले दात, त्यांत नवं काळं कुणाला दिसणार?

शनिवारी बाईंच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. बोटं हलली. "सोमवारी नळी काढून बघू," डॉक्टर म्हणाले. दीपमालानं बाहेर जाऊन सगळ्यांना फोन केले.

सोमवारी सकाळी बाईंना एकशे तीन ताप होता. ऑक्सिजन घसरला होता आणि नळीतून ओढलेला कफ दाट, पिवळा, आणि त्यात काळे कण.

"हे काळं काय येतंय?" डॉक्टरांनी विचारलं. कुणाला सांगता येईना. एक्स-रेत उजवीकडचं फुफ्फुस खाली पांढरं झालेलं. डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "ब्रश तर रोज होतोय," ते म्हणाले, आणि अंकिताच्या सुरेख, सरळ रेषेतल्या खुणांवरून त्यांचं बोट खाली गेलं.

मंगल सिस्टरनी टॉर्च मागवला आणि बाईंचा गाल आतून ओढून पाहिला. गालाच्या खोबणीत काळा लगदा होता. त्यांनी तो बोटावर घेऊन नाकाशी नेला.

"तंबाखू आहे ही. मिसरी. बोलवा मुलीला."

दीपमाला आत आली ती आईला नळीतून सोडवणार या आनंदात. मंगल सिस्टरनी बोट पुढं केलं, तेव्हा ती लपवाछपवी न करता म्हणाली, "व्हय, म्या लावली. आमच्यात दात त्येनंच घासत्यात."

"अगं बाई, तोंडातलं सगळं छातीत गेलं हिच्या! आईला मारायला निघालीस काय? कुणाला विचारून लावलीस?"

दीपमालाच्या तोंडाचं पाणी पळालं. तिनं आईकडं पाहिलं, मग अंकिताकडं. फार वेळ नाही, तिकीट फाडायला लागतो तेवढाच. अंकितानं फाइल छातीशी घट्ट धरली होती. आता ही माझं नाव घेणार, असं तिला वाटलं.

"कुणालाच न्हाई," दीपमाला म्हणाली. "माझं मीच केलं."

बोलायचं तर तिथंच बोलायचं होतं. एक वाक्य होतं सगळं मिळून. अंकिताच्या ओठांपर्यंत ते आलं आणि तिनं ते गिळलं. गिळणं तिला जमत होतं, खाटेवरच्या बाईला जमत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मग जबाब लिहून घेतला. नातेवाइकानं कर्मचाऱ्यांना न सांगता रुग्णाच्या तोंडात तंबाखूची पूड घातली, त्याची जबाबदारी हॉस्पिटलवर नाही, वगैरे. दीपमालानं खाली ठसठशीत सही केली. साक्षीदार म्हणून मंगल सिस्टरनी कागद अंकितापुढं सरकवला. तिनंही सही केली. मिसरीची डबी पुरावा म्हणून टेबलावर राहिली, दीपमालाला आत यायची बंदी झाली आणि फळ्यावरचा कालचा नव्याण्णव पुसून मंगल सिस्टरनी शून्य लिहिलं. लिहिताना त्यांचा हात जरा जास्तच दाबला गेला.

पुढचे आठ दिवस अंकिताच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस होते, असं म्हणायला हरकत नाही, पण तिच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं कारण नाही. वाईट दिवस चंद्राबाईंचे होते. तापात त्यांचं अंग फणफणायचं, अँटिबायोटिक बदलून बदलून दिली जात होती, मशीन सारखं ओरडायचं. अंकिता आता ब्रश घेऊन त्यांच्यापाशी अर्धा अर्धा तास बसायची. एकेक दात, आतून, बाहेरून. काळा थर सुटायला लागला आणि खाली पिवळट, झिजलेले, म्हाताऱ्या माणसाचे साधे दात दिसायला लागले. बाईंना आता मान थोडी हलवता यायची. अंकिता ब्रश घेऊन आली की त्या आपणहून तोंड उघडून धरायच्या. ते उघडं तोंड पाहून अंकिताला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

दीपमाला खाली जिन्याच्या पहिल्या वळणावर बसलेली असायची. आत जाता येत नव्हतं, पण हॉस्पिटल सोडवत नव्हतं. दोन वाजता पाळी सुटली की ती उठून उभी राहायची, अंकिताला विचारायला. पहिल्या दिवशी अंकितानं "बरी आहे" म्हणून घाईनं पाय उचलला. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या लिफ्टनं जायला लागली. ती लिफ्ट मळक्या कपड्यांची. अंकिता धुवायच्या चादरींच्या गाठोड्यांशेजारी उभी राहून खाली उतरायची आणि माझी जागा हीच, असं तिच्या मनात यायचं. आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लिफ्ट.

आठव्या दिवशी ताप उतरला. "उद्या नळी काढू," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला. अंकिताला मात्र धास्ती वाटली, कारण नळी निघाली की बाई बोलणार होत्या. लेकीनं विचारलेलं आणि सिस्टरनं 'घासा की' म्हटलेलं त्यांच्या उशाशीच तर झालं होतं. मण्यारीचं विष कान बंद करत नाही, हे तिनंच परीक्षेत लिहिलं होतं. आणि तिच्या मनात आलं, की नळी आणखी चार दिवस राहिली तर बरं. नंतर त्याच्याही पुढचं काही मनात आलं. ते तिनं लगेच ढकलून दिलं, पण आलं होतं हे खरं. जिच्या तोंडात आपण रोज ब्रश फिरवतो ती बाई बोलूच नये, असं आपल्याला क्षणभर वाटलं, याची तिला इतकी शरम वाटली की घरी आईनं पुढं ठेवलेलं ताट तिनं तसंच सारलं.

नळी निघाली. बाई खोकल्या, कण्हल्या, पण श्वास त्यांचा त्यांनी घेतला. दुपारी घसा जरा ओला झाल्यावर त्यांनी बोटानं अंकिताला जवळ बोलावलं. आवाज फाटका, जेमतेम ऐकू येणारा.

अंकिता वाकली. आता येऊ दे काय यायचं ते, असं तिनं ठरवलं होतं.

"सिस्टर," चंद्राबाई म्हणाल्या, "लय तरास दिला तुमास्नी म्या. गटारावानी वास मारतंय तोंड माजं. तुमी म्हणलासा ना त्या दिशी, खरं हाय त्ये. मला उठून चूळ भरावी वाटायची. पन हात उचलंना. लय लाज वाटायची बगा, तुमी तोंड फिरवलं की."

आपली शरम अंकिता गेले कित्येक दिवस कुरवाळत बसली होती, आणि इकडं ही बाई, मशीनला बांधलेली, अंगात विष आणि छातीत न्यूमोनिया घेऊन, स्वतःच्या तोंडाची लाज धरून पडली होती. तक्रार नाही, काही नाही. उलट माफी मागत होती.

"आवं, तुमचं न्हाई चुकलं," अंकिताच्या तोंडून घरची बोली निघाली. "माझं चुकलं."

"न्हाई वं," बाई म्हणाल्या आणि दमून त्यांनी डोळे मिटले.

अंकिता तशीच मंगल सिस्टरच्या टेबलापाशी गेली. डॉक्टरही तिथंच होते. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. पहिल्या दिवसापासून ताप येईपर्यंत ब्रश एकदाही केला नाही, तोवरच्या सगळ्या खुणा खोट्या, मुलीला घासा म्हणून मीच सांगितलं, साक्षीदार म्हणून केलेली सहीही खोटी. एका दमात तिनं सगळं सांगितलं.

"आज नळी निघाली म्हणून सांगतेस," मंगल सिस्टर म्हणाल्या. "बाई बोलायला लागली म्हणून."

"हो," अंकिता म्हणाली. ते खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला लेखी मागितलं. उद्यापासून आयसीयूत यायचं नाही, पुढचं मॅट्रन ठरवतील. दीपमालाचा जबाब फायलीतून काढून त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बंदी उठली म्हणून तिला सांग. तूच जाऊन सांग."

अंकिता पुढच्या जिन्यानं उतरली. दीपमाला वळणावर बसली होती, मांडीवर डबा, न उघडलेला. अंकिताला पाहून ती उठली.

"निघाली नळी? बोलली का आई?"

"बोलली. तुम्ही आत जाऊ शकता. मी वर सगळं सांगितलंय. घासायला मीच सांगितलं होतं म्हणून."

"आवं, कशाला सांगितलंसा!" दीपमाला कळवळून म्हणाली. "मेमो मिळंल की आता तुमाला. म्हनून तर म्या नाव घेतलं न्हाई. आमच्या खात्यात येक मेमो आला की सा म्हयने झोप लागत न्हाई. आन चूक माझीच. तुमी दात घासा म्हणलासा, मिसरी लावा कुटं म्हणलासा? उलट तुमी मला आईची येवढी सेवा करू दिली. दुसऱ्या कुनी हात लावू दिला नसता."

इथं गप्प बसता आलं असतं. समोरची बाई आभारच मानत होती.

"ती सेवा नव्हती," अंकिता म्हणाली. "ते माझं काम होतं. दिवसातून दोनदा, ब्रशनं. तुम्ही मागितलं म्हणून मी दिलं नाही, मला करायचं नव्हतं म्हणून दिलं. मी केलं असतं तर मिसरी लगेच दिसली असती, आणि आईला न्यूमोनिया झाला नसता."

दीपमालाचा चेहरा हळूहळू बदलला. ती पुन्हा पायरीवर बसली. वरून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा आवाज आला आणि थांबला.

"करायचं का नव्हतं?" तिनं विचारलं.

"घाण वाटली."

"तोंडाची वाटली, का आमची?"

तोंडाची, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दीपमालानं कदाचित ते मानूनही घेतलं असतं. पण अंकिताच्या घरी तिची आजी होती, शालूबाई, चाळीस वर्षं मिसरी लावणारी. मागच्या वर्षी आजीचा उजवा हात मोडला, तेव्हा तीन महिने रोज सकाळी अंकितानं स्वतःच्या बोटानं, हातमोजा न घालता, हसत-खिदळत तिचे दात घासले होते. तेच काळे दात होते, तोच वास. तीन महिन्यांत एकदाही तिला घाण वाटली नव्हती. इतक्या दिवसांत ही गोष्ट तिनं एकदाही आठवू दिली नव्हती, कारण आठवली असती तर काय कळेल ते तिला आधीच कळलेलं होतं.

तिनं खाली मान घालून दीपमालाला आजीचं सांगितलं, आणि तोंडाला वास मारतो म्हणून आईनं वर मागितलेल्या माफीचंही.

दीपमालानं ऐकून घेतलं. ती ओरडेल, निदान उठून जाईल, असं अंकिताला वाटलं. तिनं पदरानं डबा पुसला, पिशवीत ठेवला आणि उभी राहिली. दोन पायऱ्या चढून ती थांबली.

"ह्ये आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिला वाटतंय तिच्या तोंडाचाच वास येत हुता. ऱ्हाऊ दे तसंच."

आणि ती आईला भेटायला वर गेली.